उशी आधी काढा

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिला बालसंधिवात असल्याचं निदान झालं. उजवा गुडघा सुजायचा. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे, सूज बरीच उतरली आहे. पण सकाळी पाय आखडतो, अर्धा तास लंगडते. सासूबाई रोज रात्री गुडघ्याखाली उशी देतात. शाळेतून पीटीची सूट घेतली आहे. आता फिजिओथेरपिस्टनी व्यायाम दिलाय, तर करायला बसवलं की पोर रडते. दुखऱ्या सांध्याला आणखी त्रास का द्यायचा? — एक आई, कराड

उत्तर : आज रात्रीच ती उशी काढा. आजींना वाईट वाटेल, पण काढा. थोडा वाकवून ठेवला की सुजलेल्या गुडघ्याला बरं वाटतं, कारण तेव्हा आतल्या पाण्याचा ताण सर्वांत कमी असतो. पण रात्र-रात्र तसाच राहिला की मागच्या शिरा आखडतात आणि पाय पुरता सरळ होईनासा होतो. एकदा टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजा, वाटीच्या वर चार बोटांवर. उजवी बहुतेक बारीक भरेल. तो वाळलेला स्नायूच गुडघा सांभाळत असतो. तो थकला की सगळा भार सांध्यावर.

तेव्हा, ताई, त्रास व्यायामाने कमी आणि जपण्यानेच जास्त होतोय. नीट बेताने केलेल्या व्यायामाने हा आजार वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मुलांच्या जुनाट दुखण्यावर सूचना काढल्या. त्यांतही औषधं आणि मनाचा आधार यांच्या जोडीला हालचाल आहेच.

रडण्याचं म्हणाल, तर वेळ तपासा. उठल्या-उठल्या आखडलेल्या पायाला व्यायाम लावला तर कोणीही रडेल. आधी ऊन पाण्याची अंघोळ, मग नुसतं चालणं-वाकवणं. खरा व्यायाम संध्याकाळी. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली गादीकडे दाबायचा, पाच आकडे धरायचा, सोडायचा. असं दहा वेळा. सुरुवातीच्या काळात मी मुलांना तक्ते भरायला लावायचे. एकानेही महिनाभर भरला नाही. आता आकडे मोजायचं काम घरातल्या कुणाला तरी देते. तुमच्याकडे आजी आहेतच, उशीच्या बदल्यात हे द्या.

किती करायचं? व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त लंगडली, तर जास्त झालं. मग निम्मं करा, बंद नको. बरं वाटतंय म्हणून रविवारी तीन तास हुंदडणं आणि मग तीन दिवस अंथरूण, हेही नको. गुडघा सुजून गरम लागला तर उड्या, पायऱ्या थांबवा, डॉक्टरांना कळवा. पण तेव्हाही दिवसातून एक-दोनदा हलक्या हाताने वाकवून सरळ करायचाच. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळत असेल तर आग्रह धरू नका.

पीटीची सूट मात्र परत करा. सरांना चिठ्ठी द्या : दोरीवरच्या उड्या सध्या नकोत, बाकी वर्गाबरोबर मैदानावर असू दे. झाडाखाली बसवू नका. सायकल उत्तम, सीट थोडी उंच ठेवा. पोहायला मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आणि डोळे? या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते, बहुतेकदा ना लाली ना दुखणं. तुम्ही पत्रात काही लिहिलं नाही म्हणून विचारते. नेत्रतज्ज्ञांकडे शेवटचं कधी नेलं होतं?