सांधा उघडला, पण दोष गोंदाचाच होता का?

मागच्या अंकात लाकडाच्या पट्ट्या चिकटवून करायच्या लॉन्गबोबद्दल, म्हणजे लांब धनुष्याबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांची अडचण एकच आहे, चिकटवणं आणि त्यानंतर पक्कं होऊ देणं. म्हणून यावेळी दारं-खिडक्या, पलंग, कपाटं सगळं बाजूला ठेवून हीच पत्रं घेतो.

काका, मी मानेवाड्याला राहतो, बी.एस्सी.ला आहे. पाठीला (निशाणाकडच्या बाजूला) बांबू, मध्ये सागाची पट्टी आणि पोटाला (ओढणाऱ्याकडच्या बाजूला) धामणाचं लाकूड असं धनुष्य केलं. जुलैत चिकटवलं. दोरी चढवून वापरायला लागलो आणि मुठीजवळ कटकट आवाज येऊन सांधा उघडला. हार्डवेअरवाले म्हणतात, महागातला गोंद घ्या. कोणता घेऊ?

आत्ता काहीच घेऊ नकोस. आधी तो सांधा पूर्ण सोडव आणि दोन्ही तोंडं उन्हात धरून नीट बघ. उघडलेला सांधा सगळं सांगतो. दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू उपटून आलेले दिसले तर गोंदाने आपलं काम केलं, लाकूड हरलं. एका बाजूला गोंदाचा गुळगुळीत, चकचकीत थर आणि दुसरी बाजू कोरी असेल तर गोंदाने लाकूड धरलंच नाही. तिथे धूळ, तेल किंवा ओल होती. दोन्ही तोंडं कोरडी, गोंद जवळजवळ नाहीच, असं असेल तर शिकंजे फार आवळले गेले आणि गोंद कडेने बाहेर निघून गेला. आणि नखाने दाबल्यावर गोंद रबरासारखा दबला तर दोन भागांच्या गोंदातल्या रेझिन आणि हार्डनरचं माप चुकलं किंवा दोन्ही नीट ढवळले गेले नाहीत.

तुझ्या पत्रावरून माझा संशय दोन गोष्टींवर आहे. पहिली म्हणजे साग. सागात मुळातच तेलकटपणा असतो. रंधा मारून ठेवलेली पट्टी दुसऱ्या दिवशी चिकटवली तर तोवर ते तेल वर आलेलं असतं. सागाला ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ताजं घासायचं, ॲसिटोनने पुसायचं, ते उडून गेलं की लगेच गोंद लावायचा. घासलेल्या तोंडावर पुन्हा बोट लावायचं नाही.

दुसरी गोष्ट जुलै. नागपूरच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की उघड्यावरचं लाकूड हळूहळू १५-१६ टक्के पाणी धरून बसतं. मे महिन्यात आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते, तेव्हा तेच लाकूड ५ टक्क्यांच्या आसपास उतरतं. धनुष्याला हवं असतं ८ ते १० टक्के. ओलं असताना चिकटवलेल्या पट्ट्या पुढे वाळतात, पण बांबू, साग आणि धामण सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. त्या ओढाताणीत सांधा दोरी चढवण्याआधीच दमतो. वर धनुष्य वाकलं की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं आणि मधली प्रत्येक पट्टी शेजारणीवरून सरकू पाहते. ते सरकणं रोखायचं काम एकट्या गोंदाच्या थराचं.

लाकडातली ओल मोजायला यंत्र नसलं तरी चालतं. त्याच लाकडाचा छोटा तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोल, मग ओव्हनमध्ये १०० अंशाच्या जरा वर, वजन घटायचं थांबेपर्यंत ठेव. आधी ५६ ग्रॅम होता आणि ५० वर येऊन थांबला, तर ६ ग्रॅम पाणी होतं, म्हणजे कोरड्या वजनाच्या १२ टक्के. ओव्हन नसेल तर पट्ट्याच घरात सावलीत ठेवून रोज तोलायच्या. वजन स्थिरावलं की त्या घरातल्या हवेशी जुळल्या. पण हे पावसाळ्यात करून उपयोग नाही, तेव्हा त्या ओल्या हवेशीच जुळतील. माझं स्पष्ट मत आहे की नागपुरात धनुष्य चिकटवायचे दिवस दिवाळीनंतर सुरू होतात आणि महाशिवरात्रीच्या आसपास संपतात.

मुठीजवळच का उघडलं, तेही बघ. मुठीचा ठोकळा दोन्हीकडे उतरत जाऊन संपतो, तिथलं टोक कागदाइतकं पातळ व्हायला हवं. ते जाड राहिलं की त्याच्यापुढे पट्टी टेकत नाही, बारीक पोकळी राहते आणि भुजा (मुठीच्या दोन्हीकडचे वाकणारे भाग) वाकताना सगळा जोर तिथेच येतो. पुढच्या वेळी गोंद लावण्याआधी सगळं कोरडं रचून शिकंजे लाव आणि त्या टोकाशी पातळ कागद सरकतो का बघ. सरकला तर अजून घासायचं. धामण मात्र सोडू नकोस. लवचीकपणात आपल्याकडच्या लाकडांत त्याला तोड नाही.

वर्ध्याहून विचारतो. फर्निचरला आम्ही सगळीकडे फेविकॉलच वापरतो. धनुष्याला का चालू नये?

चालतं, पण अटी आहेत. पांढरा गोंद पाण्यातला असतो. त्यातलं पाणी लाकडात मुरलं की तो धरतो, म्हणजे ३ मिलिमीटरच्या पातळ पट्ट्यांत तुम्ही नव्याने ओल घालता. त्या फुगतात आणि ती ओल पूर्ण जायला बरेच दिवस लागतात. त्याला सांधा आरशासारखा जुळलेला लागतो आणि दाब भरपूर लागतो, कारण तो पोकळी भरू शकत नाही. शिवाय सतत ताणाखाली आणि गरमीत तो हळूहळू सरकतो. कपाटाला याचा त्रास नाही, पण रिफ्लेक्स देऊन, म्हणजे भुजा उलट्या वाकवून चिकटवलेलं धनुष्य सतत त्या सांध्यावर ओढ ठेवतं. हलकं, लहान मुलाचं धनुष्य करायचं असेल तर पाण्याला टिकणारा, मरीन प्रतीचा घ्या. नेहमीच्या ताकदीच्या धनुष्याला मी इपॉक्सीच, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून करायचा गोंदच वापरतो.

इपॉक्सीला दाब कमी लागतो, हे मात्र फर्निचरवाल्या हाताला पटवून द्यावं लागतं. दोन्ही तोंडांना गोंद लावायचा आणि कडेने सगळीकडे सारखे मणी दिसेपर्यंतच आवळायचं. मला शिकंज्यांपेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आवडतात. साच्यासकट (ज्या ठोकळ्याच्या वळणावर पट्ट्या बसवतो त्यासकट) घट्ट गुंडाळल्या की दाब सारखा पडतो आणि गोंद पातळ होऊन बसला तरी रबर मागोमाग दाबत राहतं. गुंडाळायला मुठीपासून सुरुवात करून टोकांकडे जायचं. ओल्या इपॉक्सीवर पट्ट्या साबणासारख्या घसरतात, म्हणून जिथला भाग पुढे कापून टाकणार तिथे एक बारीक खिळा मारून ठेवा.

सर, मे महिन्यात अरल्डाइट कालवलं. अर्ध्या पट्ट्यांना लावेपर्यंत डबीत धूर निघाल्यासारखं झालं आणि दगड झाला. खोलीत कूलर चालू होता तरी! (हिंगणा रोड)

अरल्डाइट हे इपॉक्सीच. इपॉक्सी वाळत नाही, त्याची रासायनिक क्रिया होते आणि ती क्रिया स्वतःच उष्णता सोडते. डबीत ढीग करून ठेवलं की ती उष्णता बाहेर जात नाही, क्रिया आणखी पेटते. स्टँडर्ड अरल्डाइट २५ अंशाला साधारण दीड तास हातात राहतं. दर १० अंशांना वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणजे ४५ अंशाला तुमच्या हातात २५ मिनिटंही नीट उरत नाहीत. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे करा, थोडं थोडं कालवा आणि कालवलेलं लगेच पसरट ताटलीत ओता. पाच मिनिटांत धरणारी जात तर धनुष्याला कधीच नको.

माप वजनावर घ्या. स्टँडर्डला १०० भाग रेझिनला ८० भाग हार्डनर. दुसऱ्या कुठल्या गोंदाचं वेगळं असेल, पाकिटावर बघा. लवकर सेट व्हावं म्हणून हार्डनर वाढवला तर ते फक्त कच्चं राहतं.

आणि कूलर बंद करा. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा पाण्याने भरलेली असते. हार्डनरमधलं अमाइन नावाचं रसायन ती ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वर मेणासारखा पातळ थर धरतं. पहिला थर पक्का झाल्यावर त्यावर दुसरी पट्टी चिकटवणार असाल तर तो थर कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने धुवा, पुसा, पूर्ण वाळवा, मग घासा. थिनरने तो जात नाही, नुसता पसरतो.

थंडीत चिकटवायचं म्हणता, पण डिसेंबरात रात्री इथे १० अंश होतं. गोंद पक्का कसा होणार? आणि किती दिवस थांबायचं? (महाल)

म्हणूनच पेटी करायची. लकडगंजात प्लायवूडचे कापून उरलेले तुकडे मिळतात. साच्यापेक्षा वीतभर लांब पेटी ठोका, आतून ॲल्युमिनियमची फॉइल लावा, तळाशी साधे तारेचे बल्ब सारख्या अंतरावर बसवा आणि बल्बच्या वर पत्र्याची पट्टी धरा म्हणजे थेट झळ लाकडाला बसणार नाही. अंडी उबवायच्या पेटीला लावतात तसा तापमान नियंत्रक लावा. त्यावरच विसंबू नका, दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर ठेवा, कारण पेटीची टोकं नेहमी थंड असतात. आणि पेटी चालू ठेवून घराबाहेर जाऊ नका.

चिकटवल्यावर लगेच गरम करू नका. तापताना इपॉक्सी आधी पाण्यासारखं पातळ होतं आणि सांध्यातून निसटतं. खोलीत रात्रभर बसू द्या. थंडी फार असेल तर पेटी ३० अंशावर ठेवा. मग हळूहळू ५५-६० अंशांपर्यंत न्या आणि तिथे चार-पाच तास ठेवा. नंतर बल्ब बंद करून पेटी न उघडता थंड होऊ द्या. गरम असताना पक्कं झालेलं इपॉक्सीही मऊ असतं, तेव्हा ट्यूब सोडली तर रिफ्लेक्स निघून जातो. कालवलेल्यातला थोडा गोंद झाकणात घेऊन पेटीतच ठेवा. सांध्यात डोकावता येत नाही, पण झाकणातल्या गोंदावर नख उमटतं का ते बघता येतं.

ही शेकणी आपल्या शहरात टाळू नका. नुसत्या खोलीत पक्कं झालेलं इपॉक्सी ५०-६० अंशाला ढिलं पडू लागतं आणि मे महिन्यात रामदासपेठेत काचा बंद करून उभी केलेली गाडी दुपारी तेवढी सहज तापते. शेकलेला सांधा जास्त गरमी सोसतो. तरीही धनुष्य गाडीत ठेवायचं नाही, पत्र्याच्या छपराखालीही नाही.

पेटीतून काढल्यावर आठवडाभर सावलीत ठेवा. गरमीने लाकूड फार कोरडं झालेलं असतं आणि कोरडं लाकूड मोडतं. थोडी ओल परत आली की मगच टिलरिंगला, म्हणजे दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात म्हणून घासायला, हात घाला.

धनुष्य साच्यालाच चिकटलं. (काटोल)

साच्यावर रुंद चिकटपट्टी लावून त्यावर मेण घासायचं होतं. आता लाकडी पाचर ठोकत सोडवा, साचा मोडला तरी चालेल.

माझा मुलगा नववीत आहे, तिरंदाजीत इंडियन राउंड खेळतो. तुमचं वाचून स्वतः धनुष्य करीन म्हणतो. भंडाऱ्याला घरात लहान बाळही आहे. करू द्यावं का?

ताई, जरूर करू द्या. इंडियन राउंडमध्ये ३० आणि ५० मीटरवर बांबू-लाकडाच्या धनुष्यानेच खेळतात, त्याला त्यातलं मर्म कळेल. बाळापासून दूर, गच्चीवर किंवा ओसरीत करू द्या. नायट्राइलचे हातमोजे हवेतच. इपॉक्सी त्वचेला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते आणि ती मग सहसा कायमची राहते. लागलंच तर साबण-पाण्याने धुवायचं, थिनर हाताला लावायचा नाही. घासताना मास्क, पक्क्या इपॉक्सीचा भुसा न झाडता लगेच ओल्या फडक्याने पुसायचा.

पण धनुष्यापासून सुरुवात नको. त्याच बांबूच्या आणि लाकडाच्या वीतभर पट्ट्या चिकटवून पक्क्या करायला लावा आणि मग पटाशीने सांधा फोडायला सांगा. लाकूड फाटलं पाहिजे, गोंदाची रेघ नाही. हे सलग जमलं की मोठ्या पट्ट्या घ्यायच्या. पाठीला भंडारा-गोंदियाकडचा मानवेल बांबू बारीक पडतो, त्याची पट्टी फार गोलाई धरते. जाडजूड कटांग बांबू बघा, पावसाळ्यानंतर तोडलेला, तीन-चार वर्षांचा. वरची साल घासायची नाही, सपाट करायची ती आतली बाजू.

धनुष्य तयार झालं की बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. सगळा झटका सांध्यावर येतो. आणि पहिल्यांदा वाकवताना डोळ्यांवर गॉगल लावून, भुजांच्या रेषेत न थांबता बाजूला उभं राहायचं. त्या वेळी मोठं कुणीतरी जवळ असू द्या.