अकरावीची केमिस्ट्री: आधी एवढंच कर

अरे घाबरू नकोस, पहिल्या महिन्यात केमिस्ट्री डोक्यावरून जाते, सगळ्यांचंच असं होतं. मराठी मीडियमवाल्यांचं जरा जास्तच, कारण अणू, रेणू, संयुग आपल्याला येत असतं, फक्त नावं इंग्रजी झालेली असतात. वहीच्या मागच्या पानावर दोन्ही शब्द शेजारी लिहून ठेव. हायब्रिडायझेशन (अणूतली ऑर्बिटल्स एकत्र मिसळण्याची कल्पना) वगैरे आत्ता उघडूसुद्धा नकोस.

खरा घोळ होतो मोलमध्ये. डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण, बस. घरी वजनकाट्यावर वाटी ठेवून १८ ग्रॅम पाणी मोज, साडेतीन चहाचे चमचे होईल, तेवढ्यात एक मोल रेणू आले. मग मीठ घे, तिथे एक मोलला साडेअठ्ठावन्न ग्रॅम लागतं, म्हणजे वाटीत ढीग दिसतो. हे एकदा स्वतः करून बघ, मी सूत्र पाठ करत बसलो होतो नि सहा महिने काही कळलं नव्हतं.

बाकी चुका ठरलेल्याच:

- युनिट न लिहिणं. मिली आणि लिटरच्या गोंधळात माझे पहिल्याच टेस्टला चार मार्क गेले
- ब्युरेट (खाली तोटी असलेली मापाची काचनळी) वरून वाकून वाचणं. डोळा पातळीला आण, द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड वाच (गडद जांभळं परमँगनेट असेल तर वरची, खालची दिसतच नाही)
- कॅल्क्युलेटरवरचे सगळे आकडे उतरवणं
- क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ बघून अर्धा न्यूट्रॉन शोधत बसणं! ३५ आणि ३७ वस्तुमानांकाचे अणू साधारण ३:१ प्रमाणात असतात, त्यांची ती सरासरी. प्रोटॉन दोन्हीत १७च.