भूतानच्या गल्ल्यातला आपला रुपया

मागच्या लेखात भूतानच्या रुपयाटंचाईचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग आला. बरीचशी पत्रं सहलीहून परतलेल्यांची. त्यातले पाच प्रश्न घेतो.

मे महिन्यात भूतानला जाऊन आलो. आपले रुपये सगळीकडे चालले, सुटे मात्र त्यांच्या नोटांत मिळाले. आता १,१५० ङुल्ट्रम घरात पडून आहेत, इथली बँक घेत नाही. असं का? (डोंबिवली)

एक ङुल्ट्रम म्हणजे एक रुपया, हा हिशेब १९७४ मध्ये त्यांची नोट आली तेव्हापासूनचा. पण ही बरोबरी एकतर्फी आहे. थिंफूच्या दुकानदाराला तेल, डाळ, सिमेंट, औषधं आणायला रुपया लागतो, म्हणून तो तुमची नोट हसत घेतो. ङुल्ट्रमने डोंबिवलीत काय मिळणार? शिवाय ही जोडी टिकवण्याची जबाबदारी आपल्या रिझर्व्ह बँकेची नाही, त्यांच्या मध्यवर्ती बँकेची आहे. भूतानच्या सीमेवरच्या फुंतशोलिंग गावाची कमान ओलांडून अलीकडे, आपल्या जयगावात आलात की ङुल्ट्रम अजून चालतो, पण रुपयांची चणचण असली की तिथले व्यापारी बट्टा कापतात. त्या बट्ट्यावर लक्ष ठेवलं तर भूतानची तब्येत कळते, असं माझं मत. तुमचे ११५० पुढच्या सहलीला जाणाऱ्या शेजाऱ्याला द्या.

मी वाणिज्य शाखेत शिकते. भूतान भारताला वीज विकतो, म्हणजे रुपये कमावतो. मग रुपये कमी कसे पडतात? (कोल्हापूर)

प्रश्न नेमका आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चुखा हा पहिला मोठा प्रकल्प ३३६ मेगावॉटचा. पैसा भारताचा, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो पूर्ण चालू झाला आणि उरलेली वीज भारताने घेतली. पुढे १,०२० मेगावॉटचा ताला झाला, २०१९ मध्ये ७२० मेगावॉटचा मांगदेछू. मांगदेछूच्या विजेचा दर ठरला युनिटला ४ रुपये १२ पैसे. आठ लाखांहून कमी वस्तीच्या, म्हणजे सोलापूर शहराएवढीही लोकसंख्या नसलेल्या देशाला ही कमाई थोडी नाही.

पण धरण बांधताना काय होतं ते पाहा. कर्ज रुपयांत येतं. त्या रुपयांतून पोलाद, यंत्रं, डिझेल भारतातून येतं, मजूर आणि अभियंतेही बरेचसे भारतातले. म्हणजे रुपया ज्या दाराने आला त्याच दाराने बाहेर, आणि व्याज मात्र मागे राहतं. मधल्या काळात ठेकेदारांच्या, जमीनमालकांच्या हाती पैसा खेळतो, बँका सढळ हाताने कर्ज देतात, लोक गाड्या घेतात, घरं बांधतात. गाडी भारतातली, घराची सळईही भारतातलीच.

२०१२ च्या मार्चमध्ये हे अंगाशी आलं. मध्यवर्ती बँकेने रुपये देताना हात आखडता घेतला, घरांची आणि गाड्यांची कर्जं थांबली. त्याआधी थोडेच दिवस, डिसेंबर २०११ मध्ये, गंगाजळीतले २० कोटी डॉलर विकून रुपये घेतले होते, तेही पुरले नाहीत. गंमत अशी की तिजोरीत डॉलर होते आणि चणचण शेजारच्या चलनाची होती. असं कोडं जगात फार थोड्या देशांना पडतं.

आणखी एक गोष्ट. या प्रकल्पांना आपल्या कोयनेसारखा प्रचंड जलाशय नाही, नदी वाहील तशी वीज. हिवाळ्यात नद्या आटल्या की भूतानलाच भारताकडून वीज विकत घ्यावी लागते. त्यात १,२०० मेगावॉटच्या पुनात्सांगछू-१ च्या धरणाजागी २०१३ मध्ये उजवा डोंगर सरकला आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. कर्जावरचं व्याज काही डोंगरासाठी थांबत नाही.

भूतानमध्ये आपल्या पर्यटकांकडून रोजचे १,२०० रुपये कशासाठी घेतात? (ठाणे)

शाश्वत विकास शुल्क म्हणून, दर रात्रीचे, माणशी. इतर परदेशी पाहुण्यांकडून २०२३ पासून १०० डॉलर घेतात. त्याआधी ते २०० केले होते, पाहुणे रोडावले तसे निम्मे केले. मला विचाराल तर १,२०० फार नाहीत.

बांगलादेशाने आयातशुल्क वाढवल्यापासून आमच्या संत्र्याचे हाल आहेत. भूतानचीही संत्री तिकडेच जातात असं ऐकलं. ते आमचे स्पर्धक का? (वरुड)

जातात, आणि तुमच्या आंबिया बहाराच्या शेवटच्या मालाशी त्यांचा हंगामही गाठ घेतो. भूतानची मंदारिन संत्री नोव्हेंबरपासून फुंतशोलिंगला उतरतात आणि ट्रकने भारताच्या चिंचोळ्या पट्ट्यातून, चांगडाबांधा नाक्यावरून पलीकडे जातात. भूतान आणि बांगलादेश यांच्यात ६ डिसेंबर २०२० ला प्राधान्य व्यापार करार झाला. तारीख मुद्दाम निवडलेली, १९७१ मध्ये त्याच दिवशी भूतानने बांगलादेशाला मान्यता दिली होती. पण त्यांचा माल वरुड-मोर्शीपुढे मूठभर, शिवाय ग्रीनिंग रोगाने तिथल्या बागाही खंगल्यात. तुमचं दुखणं ढाक्याच्या शुल्कात आहे, भूतानच्या संत्र्यात नाही.

तुम्हाला बटाट्याचा लिलाव पाहायला आवडला असता. फुंतशोलिंगच्या आवारात डोंगरातून आलेली पोती रांगेने मांडलेली. भारतीय व्यापारी पोत्यात हात घालून दोन-तीन बटाटे काढतो, एक अंगठ्याच्या नखाने खरवडतो, आणि मग बोली लावतो. ऑगस्ट-सप्टेंबरात मैदानी भागात नवा बटाटा नसतो, तेव्हा हा येतो, म्हणून भाव मिळतो. नखाखालची साल सुटली की कच्चा, भाव पडला. शेतकरी त्या नखाकडे टक लावून बसलेला असतो. या बटाट्यावर कर्ज नाही, व्याज नाही, सगळा रुपया घरी जातो. फक्त तो विजेच्या मानाने चिमूटभर आहे.

सुखाचं मोजमाप करणारा देश, मग तिथली मुलं ऑस्ट्रेलियाला का पळतात? (पुणे)

कारण धरण बांधून झालं की त्यात माणसं फार लागत नाहीत. वीजघर चालवायला काहीशे लोक पुरतात. शिकलेल्या मुलांना उरते सरकारी नोकरी, आणि तिथल्या जागा मोजक्या. करोनानंतर शिक्षक, परिचारिका, कारकून यांनी राजीनामे देऊन विद्यार्थी व्हिसावर पर्थची वाट धरली. सरकारने २०२३ मध्ये पगार वाढवले, तरी पर्थमध्ये रोजचे तास भरून मिळणाऱ्या डॉलरशी त्याची बरोबरी होत नाही. आता ही मुलं घरी पैसे पाठवतात, तेही डॉलरमध्ये. थिंफूत मी उतरलो होतो त्या हॉटेलात हिशेब ठेवणाऱ्या मुलीने मला ऑस्ट्रेलियातलं घरभाडं विचारलं. मला माहीत नव्हतं. तिला मात्र पर्थच्या तीन उपनगरांचं भाडं तोंडपाठ होतं, फक्त ते खरं की खोटं याची खात्री करायची होती.