मोठ्या आतड्याच्या कर्करोगात डीएनए मेथिलेशनवरून पुढचा अंदाज बांधता येतो का?

वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या गाठीच्या अहवालात ‘एमएलएच१ मेथिलेशन आढळले’ असे लिहिले आहे आणि त्यावरून आजार उलटण्याची, म्हणजे पुन्हा होण्याची, शक्यता कळते का, असे आपण विचारले आहे. मी असे अहवाल तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो; उपचारांचा निर्णय अर्थातच त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांचा. थोडक्यात सांगायचे तर अंदाज बांधता येतो, पण स्टेज माहीत असल्याशिवाय नाही, आणि ती आपण लिहिलेली नाही.

मेथिलेशन म्हणजे डीएनएमधील सायटोसिनला मेथिल गट जोडला जाणे. त्याने अक्षरांचा क्रम बदलत नाही, मात्र जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागात असे गट दाटीने बसले की ते जनुक मुके होते. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याचे काम एमएलएच१ हे जनुक करते. ते थांबले की चुका साचत जातात आणि गाठीत मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता (डीएनएतील पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या क्रमांची लांबी बदलत जाणे) दिसू लागते. मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के गाठी अशा असतात व त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी हेच मेथिलेशन असते. सूक्ष्मदर्शकाखाली हे स्पष्ट दिसते: एमएलएच१ प्रथिनासाठी रंगवलेल्या स्लाइडवर कर्कपेशींची केंद्रके फिकट निळी राहतात, तर त्यांच्यामध्ये शिरलेल्या लिम्फोसाइटची (निरोगी पांढऱ्या रक्तपेशींची) केंद्रके तपकिरी होतात. तो तपकिरी रंग नसेल, तर रंगक्रियाच फसली असे समजून आम्ही ती पुन्हा करतो.

आता परिणामांविषयी. दुसऱ्या स्टेजमध्ये अशी अस्थिरता असलेला आजार उलटण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते आणि नुसत्या फ्लुरोयुरॅसिलच्या केमोथेरपीचा त्यात फायदा दिसत नाही, त्यामुळे पुष्कळदा ती टाळली जाते. तिसऱ्या स्टेजमध्ये लसिकाग्रंथींपर्यंत आजार गेलेला असल्याने केवळ या निष्कर्षाच्या भरवशावर केमोथेरपी वगळत नाहीत. चौथ्या स्टेजमध्ये मात्र चित्र पालटते. या गाठींत वारंवार आढळणारा बीआरएएफ जनुकातील व्ही६००ई हा बदल तेथे सामान्यतः वाईट लक्षण मानला जातो. पण अस्थिरतेमुळेच त्या इम्युनोथेरपीला (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध वापरणाऱ्या उपचाराला) चांगला प्रतिसाद देतात. कीनोट-१७७ या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध घेणाऱ्यांमध्ये आजार न वाढता गेलेल्या काळाचा मध्यक १६.५ महिने होता, केमोथेरपी घेणाऱ्यांमध्ये ८.२ महिने.

आपण विचारले नाही, तरी कुटुंबासाठी महत्त्वाची बाब अशी की, गाठीत एमएलएच१ मेथिलेशन आणि सोबत बीआरएएफ बदल आढळला, तर लिंच सिंड्रोमची (अशा कर्करोगांचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची) शक्यता फारच कमी उरते. फक्त मेथिलेशन असेल आणि रुग्णाचे वय कमी असेल किंवा घरात इतरांना कर्करोग झालेला असेल, तर जनुकीय समुपदेशन घ्यावे.

मेथिलेशनची याहून व्यापक मोजमापेही आहेत. अनेक जनुकांवर एकाच वेळी दिसणाऱ्या मेथिलेशनला ‘सिम्प’ म्हणतात. ही कल्पना १९९९ मध्ये मांडली गेली. मात्र कोणती जनुके घ्यायची आणि सीमा कोठे आखायची यावर एकमत न झाल्याने निष्कर्ष परस्परविरोधी येत राहिले, त्यामुळे रोजच्या उपचारांत तिला मी फारसे वजन देणार नाही. शिवाय तंत्राची अडचण असतेच: गाठीचा नमुना जतन केलेल्या पॅराफिन (मेणाच्या) ब्लॉकमधला आधीच तुटलेला डीएनए मेथिलेशन ओळखण्यासाठीच्या बायसल्फाइट या रासायनिक प्रक्रियेत आणखी तुकडे होऊन बाहेर पडतो. सेप्टिन९ या जनुकाच्या मेथिलेशनची रक्तचाचणी मुळात आजार शोधण्यासाठी मान्य झालेली आहे, भवितव्य सांगण्यासाठी नव्हे. शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीचा मेथिलेटेड डीएनए सापडतो का, हा मार्ग मला अधिक आशादायक वाटतो. तो सापडल्यास आजार उलटण्याचा धोका बराच वाढलेला असतो, परंतु न सापडणे म्हणजे हमी नव्हे.

तेव्हा पुढच्या भेटीत अहवालातील टी (गाठ किती खोल गेली) आणि एन (लसिकाग्रंथींत किती पसरली) या नोंदी, तपासलेल्या लसिकाग्रंथींची संख्या (किमान १२ अपेक्षित असतात), रक्तवाहिन्यांतील शिरकाव आणि बीआरएएफचा निकाल एकत्र समोर ठेवून डॉक्टरांशी बोलावे.