लेक अमेरिकेची जुनी वर्तमानपत्रं वाचते, पुढे काय?

प्रश्न : मुलगी साताऱ्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. रात्र रात्र मोबाइलवर अमेरिकेतल्या खाणींच्या गावांची जुनी वर्तमानपत्रं वाचत बसते. यातून पोटापाण्याचं काही होईल, की एमपीएससीला बसवावं? – एक आई

उत्तर : ताई, होईल. पण नुसतं वाचून नाही.

आधी तिचं वाचन समजून घ्या. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' या मोफत संग्रहात अ‍ॅरिझोनासारख्या तेव्हाच्या सरहद्दीवरच्या मुलखातली वर्तमानपत्रं आहेत. तिथल्या टूम्बस्टोन गावात 26 ऑक्टोबर 1881 रोजी गोळीबारात तिघे मेले. गोळ्या झाडणाऱ्यांत गावचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, व्हर्जिल अर्प होता. 'एपिटाफ'चा संपादक जॉन क्लम तेव्हा गावचा महापौर, तर विरोधी 'नगेट'चा संपादक हॅरी वुड्स शेरीफचा, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाचा, दुय्यम अधिकारी! एकाच प्रसंगाच्या दोन बातम्या वाचताना 'हे लिहिणारा कोणाच्या बाजूचा?' हा प्रश्न तिला पडत असेल, तर इतिहासाची नजर तयार होते आहे.

पगार मात्र मिळतो तो ही पानं शोधता येतील अशी करणाऱ्याला. बरीचशी पानं मायक्रोफिल्मवरून (पानांचे बारीक फोटो असलेल्या फितीवरून) स्कॅन होतात, मग ओसीआर त्यातली अक्षरं ओळखतं. छपाईचे झिजलेले खिळे, एकमेकांना चिकटलेले अरुंद रकाने; यंत्र एका रकान्याची ओळ दुसऱ्यात घुसवतं. अर्प हे नाव एका अक्षराने चुकलं, तर तो अंक संग्रहात असूनही शोधात सापडत नाही. या चुका ओळखणं, अंक-तारीख-पान यांच्या नोंदी चोख ठेवणं, एक्सएमएल (मजकुराला खुणा लावून साठवायची संगणकी पद्धत) हाताळणं, हे शिकून घ्यायचं कौशल्य आहे.

बी.ए. पूर्ण होऊ द्या. मग ग्रंथालयशास्त्राची पदवी, किंवा एम.ए. करून दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराची अभिलेख व्यवस्थापनाची एक वर्षाची पदविका. परदेशी ग्रंथालयांची अशी कामं भारतातल्या खासगी कंपन्याही करतात. सुरुवातीला पगार बेताचा आणि कंत्राटी नोकरी, हे गृहीत धरूनच चाला. संग्रहालयं, अभिलेखागारांत कायमच्या जागा थोड्या निघतात.

माझी खरी आशा वेगळी आहे. 'केसरी' सुरू झाला तोही 1881 मध्येच. तेव्हाच्या मराठी छपाईतली जोडाक्षरं, तुटलेल्या शिरोरेषा यंत्राला आजही छळतात. भाषा, इतिहास आणि संगणक तिन्ही जाणणारं माणूस इथे मनापासून हवं आहे.

म्हणून या सुट्टीत तिला 'टेसरॅक्ट' हे मोफत ओसीआर वापरायला सांगा. त्यात मराठीही आहे. जुन्या अंकांची दहा पानं त्यातून काढायची, मूळ पानाशी ताडून हाताने दुरुस्त करायची, आणि कुठली चूक कितीदा झाली याचा एक्सेलमध्ये तक्ता करायचा. काम किचकट आहे. चौथ्या पानाला ती कंटाळली, तर वाचन छंद म्हणून राहू दे आणि एमपीएससीचा विचार करा. दहाही पानं पूर्ण केली, तर तो तक्ता घेऊन तिला गावातल्या जुन्या वाचनालयाच्या ग्रंथपालांकडे पाठवा.