पीटीओवरची अश्वशक्ती आणि इंजिनाची अश्वशक्ती

प्रश्न : माझ्या ट्रॅक्टरच्या कागदपत्रांत इंजिनाची शक्ती ४५ अश्वशक्ती लिहिली आहे, परंतु मे महिन्यात पीटीओला (अवजारे चालवण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे असलेल्या फिरत्या दांड्याला) डायनॅमोमीटर, म्हणजे शक्ती मोजण्याचे यंत्र, जोडून मोजली, तेव्हा ३८च भरली. इंजिन उतरले समजावे का?
– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. इंजिनाची शक्ती पीटीओच्या दांड्यापर्यंत पोहोचताना गिअरचे घर्षण, तेलाची घुसळण आणि हायड्रॉलिक पंप यांत साधारण १० ते १५ टक्के खर्ची पडते. घट १५ टक्के धरल्यास ३८ला ०.८५ने भागावे, उत्तर सुमारे ४४.७ येते. पुष्कळ जण ३८मध्येच १५ टक्के मिळवून ४३.७ काढतात, ते चूक आहे, कारण ही टक्केवारी इंजिनाच्या शक्तीवरची असते. घट १० टक्केच धरली तर मात्र ४२.२ येते, म्हणून हा अंदाजच समजावा. शिवाय आपल्याकडची मे महिन्यातील तापलेली हवा विरळ असल्याने इंजिनाची शक्ती थोडी कमीच भरते.

एअर क्लीनर उघडून पाहिला होता का? सोयाबीनच्या मळणीनंतर त्यात कुटाराची बारीक धूळ घट्ट बसलेली असते आणि भार पडताच धूर काळा येऊ लागतो. एअर क्लीनर साफ करून, गिअरचे तेल तापू देऊन, त्याच डायनॅमोमीटरवर सकाळच्या गारव्यात पुन्हा मोजणी करावी.