चौकात अंध व्यक्तीला मदत नेमकी कशी करावी?

आधी विचारा. दंड धरून ओढू नका.

तुम्ही लिहिलंय की ऑफिससमोर पांढरी काठी घेतलेले एक काका रोज रस्ता ओलांडतात आणि तुम्ही हात धरून पलीकडे नेलंत तेव्हा ते वैतागले. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, पुण्यात काठी घेऊन एकटाच फिरतो, त्यामुळे त्यांचा वैताग मला कळतो.

चौकात आम्ही नुसते उभे नसतो, वाहतूक ऐकत असतो. समोरून आडव्या जाणाऱ्या गाड्या थांबल्या आणि शेजारच्या, आमच्याच दिशेच्या सुटल्या, की तो आमचा सिग्नल. त्या आवाजाला समांतर राहून सरळ चालायचं. मागून कुणी खेचलं की ती दिशाच हरवते. काठीचाच हात धरला असेल तर पुढचा खड्डाही कळत नाही. बिनआवाजाची इलेक्ट्रिक स्कूटर किंवा राँग साइडने येणारी दुचाकी मात्र आम्हाला चकवते. तिथे डोळस सोबत खरंच हवी असते.

म्हणून शेजारी येऊन बोला, "काका, पलीकडे जायचंय का? सोबत येऊ?" हो म्हणाले तर आपला हात त्यांच्या हाताला हलकेच टेकवा. ते तुमच्या कोपराच्या जरा वर धरतील आणि अर्धं पाऊल मागे चालतील. तुमच्या अंगाच्या हालचालीवरून त्यांना वळण, चढ-उतार कळतो. नुसतं "जपून!" म्हणण्यापेक्षा "एक पायरी खाली" म्हणा. पोचल्यावर "फुटपाथवर आलो, बसस्टॉप उजव्या हाताला" असं सांगून मगच निघा. नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका.

आणखी एक. फुटपाथवरच्या पिवळ्या, उंचवट्यांच्या फरशा शोभेसाठी नसतात. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या, १९६७ साली ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे रस्ता किंवा वळण आहे. आपल्याकडे ही वाट कधी झाडाला, कधी विजेच्या डीपीला जाऊन धडकते आणि उरलेल्या भागावर दुचाक्या लावलेल्या असतात. मला याचा फार त्रास होतो, कारण काठी हँडलच्या खालून जाते आणि हँडल थेट पोटात बसतं.

तुमच्या ऑफिसबाहेर त्या पट्टीवर गाड्या लागत असतील तर वॉचमनला सांगून तेवढ्या हलवून घ्या. काकांना रोज त्याचा उपयोग होईल, तुम्ही तिथे नसाल तेव्हाही.